पिंजऱ्याच्या तळाशी काय घालावे

पिंजऱ्यातल्या अंथरुणाला गादीचा हिशेब लावून चालत नाही. गिनीपिगचे नाक जमिनीपासून चार बोटांवर असते. हॅमस्टर अंथरुणात शिरूनच झोपतो. साप त्यावरून पोट घासत जातो आणि जीभ बाहेर काढून त्याचाच वास टिपतो. तळाशी जे घातले जाते ते या जिवांच्या फुप्फुसात, पोटात आणि कातडीपर्यंत जाते. अंथरुणाने मूत्र शोषावे, ऊब धरावी, पायांना किंवा पोटाला आधार द्यावा आणि खणणाऱ्या प्राण्याला खणू द्यावे, अशी अपेक्षा असते. ही सगळी कामे सारखीच चांगली करणारा पदार्थ कुठल्याच दुकानात मिळत नाही, आणि वाद सुरू होतो तो इथूनच.

ठाण्यातल्या वर्तकनगरात या वादाला जागेचीही कारणे आहेत. जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहतात तिथे फर्निचरची कामे बारमाही चालतात, त्यामुळे लाकडाचा भुसा मागेल त्याला फुकट मिळतो. पाठीशी येऊरचा डोंगर आहे. पावसाळ्यात तिकडून साप वस्तीत उतरतात. आणि म्हाडाच्या खोल्यांत पिंजरा ठेवायला उन्हाची जागा क्वचितच सापडते. तो खिडकीखाली किंवा चपलांच्या कपाटावर बसतो.

पुढच्या संवादातले दोघे याच वस्तीत शोभावेत असे आहेत. एक सुतारकाम करणारे मिस्त्री. नातीच्या हट्टापायी घरात आलेल्या गिनीपिगच्या जोडीला ते कामावरचा भुसा घालतात. दुसऱ्या शेजारच्या वहिनी, औषध कंपनीच्या प्राणिगृहातून निवृत्त झालेल्या. त्यांची भिस्त कागदावर. मिस्त्रींच्या मते प्राण्याला कागदावर ठेवणे म्हणजे जन्मभर इस्पितळात ठेवणे. वहिनींच्या मते पिंजरा म्हणजे जंगल नव्हे, तिथे घाण दिसली पाहिजे.

"झाडाचं लाकूड ते, वहिनी. त्यानं काय होणार आहे?" मिस्त्री विचारतात.

"कुठल्या झाडाचं ते सांगा आधी."

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. फर्निचरच्या कामावर गोळा होणारा भुसा बहुतेक वेळा झाडाचा कमी आणि कारखान्याचा जास्त असतो. प्लायवूडचे पापुद्रे एकमेकांना चिकटवायला साध्या दर्जाच्या मालात युरिया-फॉर्माल्डिहाइडची आणि पाण्याला टिकणाऱ्या मालात फिनॉल-फॉर्माल्डिहाइडची चिकट राळ वापरतात. एमडीएफ तर लाकडाचा लगदा आणि अशीच राळ दाबून बनते. मरीन प्लायवर वाळवी व बुरशी लागू नये म्हणून परिरक्षकाची प्रक्रिया केलेली असते. करवत फिरली की हे सगळे पिठासारखे बारीक होऊन लाकडाच्या भुशात मिसळते आणि एकाच गोणीत जाते. रंगाने ते ओळखू येत नाही.

मिस्त्री हे नाकारत नाहीत. नाकारणार तरी कसे, गोणी त्यांनीच भरलेली असते. ते म्हणतात, "प्लायचा भुसा मीही नाही घालत. रंधा मारल्यावर सागाचे छिलके निघतात ना, पातळ, गुंडाळी झालेले, ते घालतो."

"आणि साग कापताना तुमच्या हातांना खाज सुटते ती कशानं?"

यावर मिस्त्री थोडा वेळ गप्प बसतात. सागाच्या लाकडात वाळवीला दूर ठेवणारी नैसर्गिक रसायने असतात. दाराची चौकट पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती त्यांच्यामुळेच, आणि सुतारांच्या कातडीवर पुरळ उठते तेही त्यांच्यामुळेच. शिसवीचीही हीच कथा. ज्या लाकडाला कीड लागत नाही ते लाकूड लहान प्राण्याच्या अंथरुणाला घेताना दोनदा विचार करावा, हा ठोकताळा बहुतेक ठिकाणी उपयोगी पडतो.

उरते खोक्यांचे लाकूड. यंत्रसामग्री ज्या खोक्यांतून आणि पॅलेटवरून येते त्या फिकट, हलक्या फळ्यांना सुतार सरसकट 'देवदार' म्हणतात. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे पाइन असते. आयात झालेल्या पॅलेटच्या कडेला एक छाप मारलेला असतो, गव्हाच्या लोंबीसारखे चित्र आणि बाजूला अक्षरे. 'एचटी' असेल तर फळीचा गाभा 56 अंशांवर किमान 30 मिनिटे तापवलेला असतो. 'एमबी' असेल तर किडीसाठी मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. छाप मिटलेला असेल, किंवा फळीवर तेलाचे अथवा रंगाचे डाग असतील, तर वरून कोणता माल गेला हे कळायला मार्ग नसतो.

"एचटीचा छाप बघून घेतो मी. ते तर चालेल?"

"वास कसा येतो त्याला?"

"मस्त येतो. डोंगरातल्यासारखा."

"तोच तर घोटाळा आहे, मिस्त्री."

वास मस्त येतो याचा अर्थ लाकडातून उडणारी द्रव्ये अजून निघत आहेत. 1967 साली अमेरिकी औषधशास्त्रज्ञ एलियट वेसेल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक निरीक्षण मांडले. रेड सीडार आणि पाइन यांच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांना झोपेचे औषध दिले तर ते अपेक्षेपेक्षा लवकर जागे होत. अंथरुणातल्या द्रव्यांनी त्यांच्या यकृतातली औषध पचवणारी विकरे वाढवली होती. कठीण लाकडाच्या भुशावर हा परिणाम दिसला नाही. कुणी मेले नव्हते, कुणी आजारी दिसत नव्हते. नुसत्या अंथरुणाने यकृताचे काम बदलले होते. त्यानंतर प्रयोगशाळांना औषधाइतकीच अंथरुणाचीही नोंद ठेवणे भाग पडले. वहिनींची नोकरी याच शिस्तीत गेली, आणि कागदावरचा त्यांचा विश्वास त्या शिस्तीतून आला आहे.

इथे शब्दाचाही एक घोळ होतो. इंग्रजी पुस्तकातल्या 'सीडार'चे मराठीत सरळ देवदार केले जाते. अमेरिकेतल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत ज्याचा भुसा मिळतो तो ईस्टर्न रेड सीडार हिमालयातल्या देवदाराचा जातभाई नसून ज्युनिपर कुळातला आहे. मात्र देवदाराचे तेलही किडे पळवण्यासाठी वापरले जाते, त्यामुळे नाव चुकले तरी सल्ला बदलत नाही: दोन्ही टाळावेत, सापासाठी तर कटाक्षाने. पाइन भट्टीत वाळवले की उडणारी द्रव्ये बरीच कमी होतात. म्हणून पाकिटावर भट्टीत वाळवल्याचे लिहिलेले, धूळ काढलेले पाइनचे छिलके गिनीपिगला आणि सशाला बहुतेक ठिकाणी चालवून घेतले जातात. ॲस्पेनचे छिलके त्याहून निर्धोक मानतात, पण ते झाड आपल्याकडे होत नाही; पाकीट परदेशातून येते आणि तशी किंमत लावते.

आता कागदाची बाजू. वहिनींच्या स्वतःच्या गिनीपिगच्या पिंजऱ्यात खाली वर्तमानपत्राचे जाड थर आणि वर फाडलेल्या पट्ट्या असत. मिस्त्रींनी इथे नेमका घाव घातला.

"वडापाव वर्तमानपत्रात बांधून देऊ नका म्हणून सरकार सांगतं. तुमचा गिनीपिग तेच वर्तमानपत्र कुरतडतोय, त्याचं काय?"

आक्षेप रास्त आहे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2016 मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर 2023 मध्ये छापील वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ न बांधण्याची सूचना केली. शाईतली रसायने तेलकट, गरम पदार्थात उतरतात हे त्यामागचे कारण. पिंजऱ्यात गरम तेल नसते, त्यामुळे धोका त्याच मापाचा धरता येत नाही, पण कुरतडणाऱ्या प्राण्याच्या तोंडाशी शाई नको एवढे तरी त्यातून निघते. छापील कागद सर्वांत खाली राहावा, आणि प्राण्याच्या अंगाशी कोरा न्यूजप्रिंट, टिश्यू किंवा कागदाच्या लगद्यापासून बनवलेले तयार अंथरूण असावे. कार्यालयातल्या श्रेडरच्या पट्ट्या फुकट मिळतात, पण त्यात स्टेपलच्या पिना असतात. दुकानातल्या गुळगुळीत बिलांचा कागद उष्णतेने काळा पडणाऱ्या रसायनाने माखलेला असतो. तो यात मिसळू नये.

कागदाचा खरा कमकुवतपणा शाईत नसून शोषण्यात आहे, आणि तो कळायला आकडा लागतो. सशाला दिवसाकाठी वजनाच्या दर किलोमागे साधारण 50 ते 130 मिलिलीटर मूत्र होते. दोन किलोचा ससा म्हणजे कमीत कमी 100 मिलिलीटर, जास्तीत जास्त अडीचशेच्या वर. कटिंग चहाचा ग्लास डोळ्यापुढे आणला तर एक ते तीन ग्लास, रोज, त्याच कोपऱ्यात. सपाट वर्तमानपत्र इतके पाणी धरत नाही. ते वरून चिकट होते आणि खाली लगदा बनते. ओल्या अंथरुणातले जिवाणू मूत्रातल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि अमोनिया आधी डोळ्यांत व श्वासनलिकेत झोंबतो. घरातल्या माणसांचे नाक त्याला थोड्या वेळात सरावते. पाहुणा दारात उभा राहून नाक मुरडतो तेव्हा मोजमाप त्याचेच खरे धरावे. त्यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे गुडघे टेकून पिंजऱ्याच्या तळाशी नाक नेणे. उभ्याने वास येत नाही आणि वाकल्यावर येतो, अशी अवस्था पुष्कळ पिंजऱ्यांची असते.

ओल्या तळावर उभ्या राहणाऱ्या गिनीपिगच्या तळव्यांना आधी लाली येते, मग कवच धरते, मग जखम चिघळते. जाळीच्या तळावरही हेच होते. गिनीपिगच्या बाबतीत कोरडे, जाड, मऊ अंथरूण हवे या मिस्त्रींच्या म्हणण्याला इथे वहिनी मान्यता देतात, मात्र खाली शोषणारा कागदाचा थर त्यांना हवाच.

"मग गोधडी? आईची जुनी गोधडी आहे, धुऊन-धुऊन मऊसूत झालेली," मिस्त्री विचारतात.

"टाके सुटलेत का तिचे?"

"सुटणारच की."

"मग नको. सुटलेला दोरा पायाच्या बोटाला गुंडाळला की बोट काळं पडतं. कळेपर्यंत उशीर होतो."

गोधडीऐवजी फ्लीसचे कापड चालते, कारण त्याचे धागे सुटत नाहीत. पण फ्लीस स्वतः पाणी शोषत नाही, ते खाली जाऊ देते. त्याच्याखाली टॉवेलचा थर असला तरच ते कोरडे राहते, आणि तो थर दोन-तीन दिवसांआड धुवावाच लागतो. कापूस हा तर सर्वांत फसवा पदार्थ. हॅमस्टरसाठी 'मऊ घरटे' म्हणून मिळणारी कापसासारखी तंतूंची वळी प्रेमाने घेतली जाते. हॅमस्टर ती गालाच्या पिशव्यांत कोंबतो. तंतू तिथे किंवा आतड्यात अडकतात, पायाला फास बसतो. गादी पिंजणाऱ्याकडून आणलेला कापूसही यातलाच.

हॅमस्टरच्या प्रश्नावर वहिनींची बाजू सर्वांत जास्त ढासळते. स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोनेरी हॅमस्टर 10, 40 आणि 80 सेंटीमीटर जाडीच्या अंथरुणावर ठेवले होते. 10 सेंटीमीटरवाले पिंजऱ्याच्या सळ्या चावण्यात आणि चाकावर धावण्यात इतरांपेक्षा अधिक वेळ घालवत. सळी चावणे हे खेळकरपणाचे लक्षण मानून कौतुकाने व्हिडिओ काढले जातात. खणायला जागा नाही, ही त्यामागची तक्रार असते.

"चाळीस सेंटीमीटर कागद कुठून आणणार, वहिनी?" मिस्त्री हसून विचारतात.

"कागदात बीळ टिकतही नाही, ढासळतं. तिथं तुमचे छिलके घ्या. त्यात थोडं सुकं गवत मिसळलं की बोगदा उभा राहतो. हरले मी."

सुके गवत आणि पेंढा यांत मात्र फरक करायला हवा. ठाणे जिल्हा भाताचा, त्यामुळे पेंढा म्हटले की भाताचाच. त्याच्या काड्या पोकळ आणि कडेने धारदार असतात, पाणी फारसे शोषत नाहीत, आणि लहान प्राण्याच्या डोळ्याला टोचतात. भाताचे तूस कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरतात. ते स्वस्त आणि कोरडे असते, पण त्यात सिलिका भरपूर असते आणि धूळही. कोंबडीच्या उघड्या शेडमध्ये जे खपते ते चपलांच्या कपाटावरच्या बंद पेटीत खपत नाही. गवत मात्र गिनीपिग आणि सशाचे अन्नही आहे आणि अंथरूणही. ते वेगळ्या कोपऱ्यात, वरचेवर बदलत द्यावे.

हा सगळा हिशेब मे महिन्यात जसा लागतो तसा जुलैत लागत नाही. ठाण्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे 80 टक्क्यांच्या वर राहते. फेब्रुवारीत चार दिवस टिकणारे अंथरूण जुलैत दुसऱ्या दिवशी जड लागते. लाकडाचा भुसा, गवत, तूस, मक्याच्या कणसाच्या दांड्याचे दाणे, या सगळ्यांवर बुरशी धरते, आणि बुरशीची बीजे धुळीसारखीच नाकात जातात. पाकीट न फोडताही आतून कुबट होऊ शकते. मिस्त्रींची पद्धत जुनी आहे: पापड-कुरडयांबरोबर मेच्या अखेरीस छिलक्यांनाही गच्चीवर ऊन दाखवायचे, पिठाच्या चाळणीने धूळ गाळायची आणि घट्ट झाकणाच्या डब्यांत भरायचे. मूठभर छिलके आवळून सोडले की ते लगेच मोकळे झाले पाहिजेत. गोळा राहिला तर ओल आहे. वापरण्याआधी ते स्टीलच्या डब्यात बंद करून अर्धा तास उन्हात ठेवतात आणि झाकण उघडून हुंगतात. वास नाकात घुसला तर सगळा डबा बाद. 'मस्त' वासही बाद, हे त्यांनी वहिनींकडून उचलले.

सापाकडे वळण्याआधी कायदा पाहावा लागतो, कारण बहुतेक सापांच्या बाबतीत अंथरुणाचा प्रश्न उद्भवूच नये.

"मागच्या पावसाळ्यात गटारात धामण आली होती. पोरं म्हणत होती खोक्यात भुसा घालून ठेवू दोन दिवस."

"ठेवली असती तर गुन्हा झाला असता."

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली नाग, घोणस, धामण, अजगर अशा आपल्या मुलखातल्या सापांना पकडून घरात ठेवता येत नाही. बिनविषारी असणे ही सबब चालत नाही. साप दिसला तर त्याच्यापासून लांब राहून नजर ठेवावी आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला कळवावे. सर्पमित्र साप सुती पिशवीत किंवा भोके पाडलेल्या बरणीत नेतो. तिथे भुसा, पाला, पाणी काहीच घालत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. काही तासांच्या प्रवासात सापाला अंधार, हवा आणि कोरडे कापड पुरते.

साप मडक्यात ठेवण्याची रीत मात्र जुनी आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीसाठी पकडलेले नाग मातीच्या मडक्यांत ठेवत; न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या. चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे इरुला समाजाची 1978 साली स्थापन झालेली सहकारी संस्था सरकारी परवान्याने विष काढते. तिथेही साप मडक्यातच असतात, तळाशी वाळू आणि तोंडाला कापड बांधून. मडके पाझरते, त्यामुळे आत गारवा राहतो. वाळू कोरडी राहते आणि बदलता येते. ही राहणी काही आठवड्यांची असते, त्यानंतर साप जंगलात सोडतात. तिचा दाखला देऊन घरातल्या पेटीत वाळू पसरणे चुकीचे ठरेल, कारण खाद्याबरोबर गिळलेली वाळू आतड्यात साचते.

घरात कायदेशीरपणे राहू शकतो तो परदेशी जातीचा साप, उदाहरणार्थ बॉल पायथन. ही जात साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात आहे. कायद्यातील 2022 ची दुरुस्ती आणि त्यानुसार फेब्रुवारी 2024 मध्ये आलेले नियम यांमुळे अशा प्राण्याची नोंद परिवेश या संकेतस्थळावर करणे बंधनकारक झाले. नोंद नसलेल्या सापासाठी अंथरूण शोधणे ही नंतरची गोष्ट.

सापाच्या पेटीत कागदाचे पारडे एकदम जड होते. साप सस्तन प्राण्यांसारखे पातळ मूत्र फारसे टाकत नाही. त्याच्या शरीरातला नत्र युरिक आम्लाच्या पांढऱ्या, खडूसारख्या गोळ्यांतून बाहेर पडतो. सशाच्या पिंजऱ्यात कागद हरतो त्याचे कारणच इथे नसते. घाण दिसते, उचलता येते, कागद बदलता येतो. नव्याने आणलेल्या सापाला पहिले एक-दोन महिने पांढऱ्या कोऱ्या कागदावर ठेवण्याचे आणखी एक कारण आहे: सापाच्या खवल्यांतले काळे, मिरीच्या कणाएवढे माइट कागदावर चालताना दिसतात. भुशात ते हजारोंनी वाढेपर्यंत पत्ता लागत नाही.

"पण कागदावर घसरतो तो. पोटाला पकड नको का?" मिस्त्री आपला मुद्दा सोडत नाहीत.

"हवी. म्हणून पुढं नारळाच्या सोडणाचे तुकडे घालतात. तुमचा काथ्या नव्हे, त्याचे धागे अडकतात. आणि लपायला दोन डबे, एक उबेकडं, एक गारव्याकडं."

नारळाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, नर्सरीत विटेसारखा दाबून मिळतो. रोपांसाठीच्या विटेत कधी खत मिसळलेले असते, कधी मीठ न धुतलेले. पिशवीवर खताचे नाव नसलेली वीट घेऊन तीन-चार पाण्यांतून काढावी, पिळावी आणि उन्हात वाळवावी. बॉल पायथनला साधारण 55 ते 60 टक्के आर्द्रता मानवते. कोरड्या देशांतली पुस्तके अंथरुणावर पाणी शिंपडायला सांगतात. जुलैतल्या वर्तकनगरात तो सल्ला पाळला तर सापाच्या पोटाचे खवले तपकिरी होऊन सडू लागतात. इथे पावसाळ्यात शिंपडणे बंद ठेवावे, झाकणाची जाळी मोकळी करावी आणि गरज पडली तर पुन्हा कागदावर यावे. पेटीखाली उष्णतेची पट्टी असेल तर थर्मोस्टॅट हवा, आणि तिच्यावरचा थर पातळ असावा. जाड थराखाली उष्णता कोंडते आणि खोल शिरलेला साप भाजतो. खाद्य ताटलीत किंवा वेगळ्या डब्यात दिले की अंथरूण गिळले जात नाही.

शेवटी जुने अंथरूण टाकायचे कुठे. गिनीपिग आणि सशाचा भुसा, तो निव्वळ लाकडाचा असेल तर, खतात चांगला कुजतो. मिस्त्रींच्या इमारतीतल्या जास्वंदीच्या कुंड्या त्यावर वाढतात. सापाची गोष्ट निराळी. निरोगी सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो, त्यामुळे त्याचा कागद कुंडीत टाकू नये. तो पिशवीत बांधून द्यावा, पेटी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये आणि हात साबणाने धुवावेत.

"कुंडीत घातला होता का कधी?" वहिनी विचारतात.

"आमच्याकडं साप कुठाय, वहिनी," मिस्त्री म्हणतात, आणि छिलक्यांची गोणी उचलून एमडीएफच्या गोणीपासून लांब, दुसऱ्या भिंतीला लावून ठेवतात.